चाळीस बाळंतविडे

मला शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी सौंसरात कुठे काही लिहायचं, वाचायचं किंवा कुणाशी भांडायचं असलं की लोक माझ्याकडेच येतात. महिला मंडळाचं सचिवपदही असंच गळ्यात पडलं. मंडळ तसं साधंच. गुरुवारी भजन, संक्रांतीला हळदीकुंकू, वर्षातून एक सहल आणि उरलेल्या दिवसांत रुसवेफुगवे. या मंडळाने एके वर्षी आफ्रिकेतल्या गरिबांना मदत करायचं ठरवलं. त्या मदतीने माझ्या डोक्याचा जो भुगा केला, तो पस्तीस वर्षांच्या नोकरीत पोरांनी केला नव्हता.

सुरुवात अगदी सरळ होती. माझ्या शेजारणीची मुलगी नर्स आहे. नागपुरात शिकली, काही वर्षं तिथेच नोकरी केली आणि मग आफ्रिकेतल्या एका डोंगराळ देशात गेली. देशाचं नाव लिहीत नाही. आमच्या मंडळात ते नीट उच्चारणाऱ्या दोघीच होत्या, त्यातली एक मी. तिथे एका लहान दवाखान्यात, बाळंतिणींच्या वार्डात ती काम करते. फेब्रुवारीत तिचा मला फोन आला. आईला केला असता तर आई रडत बसली असती, म्हणून मला.

"काकू, इथं जून-जुलैत लय थंडी पडते," ती म्हणाली. "मागच्या साली आमच्या वार्डात लेकरं गार पडून जात होते. आम्हाले चाळीस ब्लँकेट पाहिजे अन् एक मोठा हीटर. इथल्या बाजारात सगळं भेटते. तुम्ही फक्त पैसे जमवा अन् माझ्या नागपूरच्या खात्यात टाका. मे संपाच्या आत. बाकी मी पाहते."

मग जरा थांबून म्हणाली, "मी मोठ्या सिस्टरले सांगून टाकलं काकू, माझ्या गावचे लोक पाठवून राहिले म्हणून."

एवढंच होतं. पैसे जमवा, खात्यात टाका. चौथीतल्या पोराला सांगितलं असतं तरी त्याने केलं असतं. पण आम्ही पडलो तीस शहाण्या बायका.

पहिल्या बैठकीत पाऊण तास एकाच मुद्द्यावर गेला. आफ्रिकेत थंडी कशी काय पडते? आमच्या अध्यक्षीणबाई संत्र्याच्या मोठ्या व्यापाऱ्याची बायको, माहेर पांढुर्ण्याचं, मनाने उदार, पण एकदा डोक्यात काही बसलं की ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. "तिथं तं ऊनच ऊन असते नं मॅडम. टीव्हीवर आपण पाहतोच की," त्या म्हणाल्या. आणि थंडी असली तरी ती दिवाळीनंतर असायची, जूनमध्ये कशी? मी समोरच्या टोपलीतलं संत्रं उचललं आणि पृथ्वी कशी कललेली असते, आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा खालच्या बाजूला हिवाळा कसा असतो, ते दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग ते संत्रं एकीने सोललं आणि फोडी वाटल्या. "पण घाई काय एवढी?" अध्यक्षीणबाई फोड तोंडात टाकत म्हणाल्या. "थंडीले अजून लय टाइम आहे."

दुसरा मुद्दा तर ठरलेलाच. आपल्याकडे काय गरीब कमी आहेत? हा प्रश्न जिने विचारला, तिला मी गेली वीस वर्षं ओळखते. रामाकोन्याच्या शाळेत पोरांना स्वेटर द्यायचे होते तेव्हा तिने "सरकार देते नं" म्हटलं होतं. लोधीखेड्यात आग लागून चार घरं बसली तेव्हा "त्यांचे नातेवाईक आहेत" म्हटलं होतं. आफ्रिकेचं नाव निघाल्याबरोबर तिला सौंसरचे गरीब आठवले. मी तिला म्हटलं, ठीक आहे, आफ्रिका राहू द्या, उद्या आपण दोघी इथल्याच वस्तीत जाऊ, काय देता सांगा. त्यावर तिला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. अशा माणसांचा मला मनापासून वैताग येतो. जवळचे गरीब दाखवून लांबचे टाळायचे, लांबचे दाखवून जवळचे.

शेवटी आनंद मेळावा घ्यायचं ठरलं. आमच्याकडे पैसे जमवायचा तो एकच रस्ता बायकांना माहीत आहे. घरून पदार्थ करून आणायचे आणि एकमेकींनाच विकायचे. पांढुर्ण्याचं मंडळही बरोबर येतो म्हणालं, आणि मेळावा कुठे यावर दोन आठवडे गेले. पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्याच्या हाताखाली गेलं, तेव्हापासून आम्हा सौंसरच्या लोकांचं नाक जरा नाजूक झालेलं आहे. मेळावा पांढुर्ण्यात म्हटलं की आमच्या बायकांना ती कलेक्टरसमोर हजेरी वाटते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. होळी आली, शिमगा झाला, मार्च संपत आला, तेव्हा कुठे पांढुर्ण्याच्या एका मंगल कार्यालयात मेळावा भरला. भरीत-भाकरी होती, पाटोडी होती, संत्र्याची बर्फी होती. पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं, पाहुण्यांच्या बायकांना झालं, माईकवाल्यालाही एक शाल मिळाली. पाहुण्यांच्या हिंदी भाषणात आफ्रिका एकदाच आली, तीही "अफ्रीका के हमारे भाई-बहन" एवढ्यापुरती. भाई कुठून आले देव जाणे, वार्ड बाळंतिणींचा होता.

पण लोकांनी पाटोडी खाल्ली. खरंच खाल्ली. मांडव, माईक आणि शाली वजा जाऊनही चाळीस ब्लँकेटं आणि हीटर येईल एवढं हातात राहिलं. मी त्या रात्री सुखाने झोपले. सकाळी बँकेत जायचं, पैसे टाकायचे, पोरीला कळवायचं. दहा मिनिटांचं काम.

सकाळी अध्यक्षीणबाई दारात. बरोबर चौघी.

"मॅडम, नुसते पैसे पाठवाचे?" त्यांचा चेहरा असा, जसं मी कुणाच्या लग्नात रिकाम्या हाताने जेवून आले. "बाळंतिणीले पाहाले जाते तं हातात पाकीट घेऊन जाते का कोणी? बाळंतविडा नेते नं आपण?"

आता बाळंतविडा म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बाळाला झबलं, टोपडं, दुपटं, लंगोट, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, खारीक, खोबरं. सगळं एका फडक्यात बांधून, वर हळदकुंकवाचं बोट लावून न्यायचं. चांगली रीत आहे, मी स्वतः शंभर ठिकाणी नेला असेल. पण शेजारच्या आळीत नेला. समुद्र ओलांडून नाही.

मी भांडले. पोरीने ब्लँकेट आणि हीटर मागितलाय म्हटलं, झबली नाही. तिथे पंधरा मिनिटांच्या वाटेवर बाजार आहे म्हटलं. पाठवायचा खर्च पाहा, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल म्हटलं. सगळं ऐकून घेतलं आणि एकीने विचारलं, "अन् पैसा तिकडं कोठं गेला ते कोण पाहाले जाते?" माझी शेजारीण, त्या पोरीची आई, तिथेच उभी होती. तिच्या देखत. ती ओट्यावरची चटई झटकत राहिली. मी त्या बाईवर तोंड सोडलं, पण गुरुवारी मंडळात मतदान झालंच. एकोणतीस विरुद्ध एक. शेजारणीने माझ्या बाजूने हातसुद्धा वर केला नाही. नंतर म्हणाली, "ताई, माहीच पोरगी आहे, मी कोणत्या तोंडानं म्हणू पैसेच पाठवा म्हणून?"

पोरीला मी फोन केला. काय ठरलं ते सांगितलं. "बरं काकू," म्हणाली, "मंग निदान गरम कपडे पाठवा. अन् लवकर पाठवा."

आता इथून पुढचं मला लिहायला जड जातंय, कारण इथून मी बदलले. हरले होते, तर मी बाजूला व्हायला हवं होतं. पण मास्तरकी अंगातून जात नाही. करायचंच आहे तर नीट करा, असं म्हणून मी सगळं हातात घेतलं. लोकर आणली, टोप्या विणायला दिल्या. एप्रिलच्या उन्हात, कूलरसमोर बसून आमच्या बायका लोकरीच्या टोप्या विणत होत्या आणि घाम पुसत होत्या. मध्येच लग्नसराई आली. अक्षय्य तृतीयेला निम्मं मंडळ कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडात. प्रत्येक गाठोड्यावर देणारीच्या नावाची चिठ्ठी हवी, हाही हट्ट झाला. सौ. अमुक-अमुक, मु. पो. सौंसर. तिथली बाळंतीण ते वाचणार होती आणि वाचून आमच्या सौ. अमुकला मनातल्या मनात नमस्कार करणार होती.

चिठ्ठ्यांवर मी हसले. पण माझा स्वतःचा एक हट्ट होता आणि त्यावर मी कुणाला हसू दिलं नाही.

आमच्याकडे नव्या जिवाच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती लुगड्याचं दुपटं करतात, तेही जिची लेकरंबाळं धडधाकट आहेत अशा बाईच्या. नवं कापड टोचतं, हे एक कारण, आणि त्या बाईचं आयुष्य बाळाला लागावं, हे दुसरं. नव्या झबल्यांचे ढीग पाहून मी बैठकीत म्हटलं, "पहिलं दुपटं जुन्याचंच पाहिजे. नाहीतर तो बाळंतविडा कसला?" एकदा मी म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. घराघरांतून जुनी लुगडी आली. माझ्या आईचं एक निळं लुगडं मी इतकी वर्षं पेटीत ठेवलं होतं. ते मी स्वतः कात्रीने कापलं, त्याची सात दुपटी झाली. कापताना रडू आलं, आणि आपण काही तरी मोठं करतोय असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. शेजारणीने मशीनवर बसून चाळीसच्या चाळीस दुपट्यांना काठ घातले. मग एकेका गाठोड्यात सगळ्यात वर दुपटं ठेवून, विस्कटू नये म्हणून, आम्ही गाठोड्यांची तोंडं शिवून टाकली.

मेच्या मध्यावर मी आणि शेजारीण खोकी घेऊन नागपूरला गेलो. पार्सलवाल्याने लाडू पहिल्या झटक्यात बाहेर काढले. खाण्याचं जाणार नाही म्हणाला. लाडवांची मला कल्पना होती, ते वेगळेच ठेवले होते. मग त्याने यादी वाचली. मी ती स्वच्छ अक्षरात लिहिली होती, खरं ते लिहिलं होतं. बाळाचे कपडे, नवे व जुने.

"मॅडम, हे जुने कपडे काढून घ्या," तो म्हणाला. "बाहेरच्या देशात जुने कपडे अडवतात. नव्यांचं जाऊन जाईल."

चांगला माणूस होता. दोनदा म्हणाला. आणि मी त्याला काउंटरवर उभं राहून व्याख्यान दिलं. हे जुने कपडे नव्हेत, ही रीत आहे. तुम्हाला तुमच्या आईने पहिल्यांदा कशात गुंडाळलं होतं ते घरी जाऊन विचारा. मागे रांग होती, लोक ऐकत होते, एका म्हाताऱ्याने तर मान डोलावली. खरं कारण असंही होतं की चाळीस गाठोड्यांची शिवण उसवावी लागली असती आणि आमची परतीची बस साडेचारची होती. शेजारीण म्हणाली, "ताई, उसवून टाकू का? मले वेळ नाही लागत." मी म्हटलं, काही गरज नाही. त्याने खांदे उडवले आणि शिक्का मारला. विमानाने पाठवायचं म्हणून मेळाव्याचे सगळे पैसे त्या खिडकीत गेले, वर मी घरचे घातले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोरीचा फोन आला. खोकी पोचली होती आणि राजधानीच्या विमानतळावर अडकली होती. त्या देशात वापरलेले कपडे आणायला बंदी आहे. यादीत एक शब्द "जुने" होता, म्हणून सगळाच माल जुना धरला. ती रजा काढून एकदा तिथे गेली, बसने एक रात्र आणि अर्धा दिवस. मग पुन्हा गेली. नवे तेवढे तरी सोडा म्हणाली. कस्टमच्या साहेबाने एक गाठोडं उसवलं, वर दुपटं निघालं. दुसरं उसवलं, वर दुपटं. त्याने तिला विचारलं म्हणे, तुमच्या देशात गरिबांना फाटकं द्यायची पद्धत आहे का? तिला त्याच्या भाषेत ती रीत सांगता आली नाही. महिन्याभराने सगळं जाळून टाकलं. असंच करतात म्हणे.

हे सगळं ती मला रागावून बोलली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी मंडळात सांगितलं, पण कसं सांगितलं? आधी "कस्टमने अडवलं," आणि नंतर "जाळून टाकलं," एवढंच. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या पुढचं वाक्य माझ्या घशातच राहिलं, दीड महिना राहिलं.

श्रावणातल्या एका गुरुवारी अध्यक्षीणबाईंकडे भजन होतं. भजन झालं, साबुदाण्याची उसळ झाली, आणि विषय निघाला. मग जे सुरू झालं ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पार्सलवाला चोर. तिकडचं सरकार भ्रष्ट. तिकडचे लोक तसेच, त्यांना आपली किंमत नाही. आपण एवढ्या उन्हातान्हात मेलो. आणि मग एकीने म्हटलंच, "पोरीनंच काही कागद-बिगद नीट नसन केले. नाही तं एवढं सामान जळते का?"

पोरीची आई कोपऱ्यात बसून रिकाम्या बश्या एकात एक रचत होती. तिने बशी खाली ठेवली.

"अन् थंडी?" ती म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे पाहायला लागल्या. ती सहसा बोलत नाही.

"थंडीचं काय झालं? ते कोणी विचारूनच नाही राहिलं. सामान सामान करून राहिले सगळे. लेकराईचं काय झालं तिथं?"

मी त्या दीड-दोन महिन्यांत पोरीशी निदान सहा वेळा बोलले होते. पावतीबद्दल, यादीबद्दल, अर्जाबद्दल, साहेबाबद्दल. हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. तीस बायकांना शहाणपण शिकवणारी मी.

"लावा न फोन ताई," शेजारीण म्हणाली. "मले नाही सांगत ते. तुम्हाले सांगन."

मी फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. तीसजणींचे श्वास ऐकू येत होते. पोरीने उचलला. मी तिला सांगितलं, मंडळ बसलंय, सगळ्या ऐकताहेत. आणि विचारलं, थंडीत कसं काय केलं गं तुम्ही?

"आयांच्या छातीशी लावून ठेवले, काकू," ती म्हणाली. "आम्ही आपले स्वेटर दिले. पडदे काढले खिडक्यांचे, ते गुंडाळले. मोठ्या सिस्टरनं घरून सतरंज्या आणल्या."

"अन् लेकरं? बरे आहेत नं सगळे?" मी विचारलं.



"सगळे नाही, काकू."

किती, ते मी विचारलं नाही. माझ्याने झालं नाही. तिच्या आईने पदर तोंडाला लावला होता. मग मी सांगितलं. इतके दिवस घशात राहिलेलं ते सगळं वाक्य मी मंडळासमोर, पोरीला ऐकू जाईल असं, सांगितलं. जुन्या दुपट्यांमुळे अडलं. ती मी घालायला लावली. पार्सलवाला दोनदा काढा म्हणाला, हिची आई उसवून देते म्हणाली, मी उसवू दिलं नाही. पोरीची चूक नाही, पार्सलवाल्याची नाही, त्या देशाचीही नाही.

मग अध्यक्षीणबाई पुढे सरकल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "जाऊ द्या न मॅडम. तुमचा भाव तं चांगला होता."

इतर बायकांनीही माना हलवल्या. हो नं, भाव चांगला होता. आपल्या सगळ्यांचाच भाव चांगला होता. एकेकीच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसायला लागलं, आणि माझ्यावर नाव येऊनही मला कुणी दोष देईना. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा, असा संताप आला की मी अध्यक्षीणबाईंचा हात झटकून दिला.

"भाव काय पांघरता येते का हो?" मी ओरडले.

फोन चालूच होता.

"काकू," पोरगी म्हणाली, "ठेवू का मी? वार्डात दोघी बाळंत होऊन राहिल्या. थंडी गेली नाही अजून इथली."